माळ्यावरच्या रेकॉर्ड वाचनालयात आणा

इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात गेले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरे त्यांच्याच नावाच्या संशोधन मंडळाने सांभाळली. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडे धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आणून ठेवली. जुना कागद कसा जपावा, हे धुळे जिल्ह्याला बाहेरून कोणी येऊन शिकवायला नको. ध्वनिमुद्रणाच्या वाट्याला मात्र ही आस्था आली नाही. ग्रामोफोन बिघडला की रेकॉर्ड माळ्यावर जातात आणि घर पाडताना भंगारवाल्याकडे. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी वाचनालयाने महिन्यातून एक संध्याकाळ रेकॉर्ड ऐकण्यासाठी राखावी. रेकॉर्ड आणणाऱ्याने ती कुठून, कधी घेतली आणि घरात कोण ऐकत असे ते सांगावे. ग्रंथपालाने ते टिपून ठेवावे.

गाणे मोबाइलवर फुकट मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारेल. गाणे मिळते, त्याच्याभोवतीची माहिती बहुधा मिळत नाही. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन जानेवारी 1968 मध्ये मुंबईत आला आणि ‘वंडरवॉल म्युझिक’ या आपल्या रेकॉर्डचा बराच भाग त्याने एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. वेष्टनावरच्या श्रेयनामावलीत सरोदवर आशिष खान, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा आहेत. संतूरवादक शिवकुमार शर्मांचे आडनाव चक्क ‘शर्मार’ असे छापले आहे. त्या चुकीसकट वेष्टन हा एक दस्तऐवजच. मोबाइलच्या पडद्यावर चित्र दिसते आणि एकट्या हॅरिसनचे नाव. बासरी कोणाची, हे ऐकणाऱ्याला तिथे सहसा कळत नाही. वेष्टनावर जे नसते, म्हणजे ही रेकॉर्ड कोणाच्या घरी, कोणत्या निमित्ताने वाजली, ते तर फक्त मालकाच्या तोंडून कळणार. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

रॉक हे शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचे खूळ, खानदेशाला त्याचे काय, हा आक्षेप वरवर खरा वाटतो. पण लेड झेपेलिन या रॉक बँडच्या पेज आणि प्लँट यांनी 1972 मध्ये मुंबईच्या वादकांना घेऊन केलेले ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडले. मुंबईसारख्या शहरात, जगप्रसिद्ध नावे असताना ही गत, तर तालुक्यातल्या घरांत काय पडून आहे याचा अंदाज कोण करणार? शिवाय बैठकीला रॉकचेच बंधन नको. ‘मानिनी’ चित्रपटातली (1961) बहिणाबाईंची गाणी आणि बीटल्स एकाच संध्याकाळी वाजली, तर बिघडत काहीच नाही, जमवणारे लोक असेच सरमिसळ जमवत आले आहेत. मुंबईत 1990 पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने अशा श्रवणबैठका घेतल्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढले. तेही हौशी लोकांच्याच बळावर.

खर्चाचा मुद्दा रास्त आहे. नव्या विनाइल रेकॉर्ड महाग आहेत, पण इथे नवे काही विकत घ्यायचे नाही. एक चालू प्लेअर पुरेल. कॉपीराइटचा बाऊही नको. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाने आपल्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवण्याला कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे. प्रती काढून वाटणे वेगळे. ते करू नये. खरा शत्रू आपले ऊन आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये विनाइल वाकते, आणि एकदा वाकलेली रेकॉर्ड सहसा धड वाजत नाही. लाखेच्या जुन्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्ड तर हातातून निसटल्या की तुकडेच. तेव्हा होळीच्या आत त्या खाली उतरवा, आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा आणि वाचनालयात जाऊन आपल्याकडे काय आहे त्याची यादी देऊन या.