कावळा न शिवणारं यंत्र

गेल्या पितृपक्षात एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी परलोकाचा निकाल पाऊण तासात लावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस मरणाला भितो, भीतीपोटी त्याने स्वर्ग, नरक, पितृलोक, जन्नत असे देखावे उभे केले, आणि जे धर्मांना नुसतं रंगवता आलं ते आता तंत्रज्ञान प्रत्यक्ष करून दाखवतंय. माणसाचे मेसेज, पत्रं, आवाज, व्हिडिओ यंत्राला पुरवा, तो मेल्यावरही तुमच्याशी बोलत राहील. श्राद्ध म्हणजे पूर्वजांनी काढलेला कच्चा बॅकअप होता, पक्का आता निघेल. टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांत निम्मे तरी असे असतील, की ज्यांनी त्याच आठवड्यात गच्चीत पान ठेवून कावळ्याची वाट पाहिली होती. वक्ते हे सगळं माझ्यापेक्षा गोड भाषेत बोलले, हे मान्य. मतलब एवढाच होता.

भीतीचा मुद्दा चटकन उरकतो. भीती घालवायलाच परलोक काढला असेल, तर गरुडपुराणातले नरक कुणाच्या सांत्वनासाठी लिहिले? होमरच्या ‘ओडिसी’त पाताळात भेटलेला अकिलिस म्हणतो, की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा जिवंतपणी एखाद्या गरिबाच्या शेतावर राबणं बरं. याला दिलासा म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्यही सभेत आलं. ते नेहमीच येतं. आत्माच न मानणारा बुद्ध आणि प्रेताची आतडी काढून वेगळी जपणारे इजिप्शियन एकच सांगत असतील, तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

आता बॅकअप. इथे मात्र मला बसून बोलायचं आहे.

वक्त्यांनी पडद्यावर एक नमुना दाखवला. वारलेल्या आजोबांना नातू विचारतो, ‘आजोबा, कसे आहात?’ यंत्रातले आजोबा म्हणतात, ‘मी मजेत आहे बाळा, तू जेवलास का?’ सभागृहात दोन-चार रुमाल निघाले. माझ्या मनात आलं, हे कुठले आजोबा? मराठी आजोबा आधी ‘फोन ठेव आणि अभ्यासाला बस’ म्हणाले असते. या आजोबांना राग येत नाही, ते रुसत नाहीत, उसने दिलेले पैसे मागत नाहीत, नातवाने जमीन विकली तरी ते मजेतच. थोडक्यात, मेलेल्या माणसाची जी काही मर्जी होती तेवढी गाळून बाकीचं जतन केलेलं आहे.

याच्या शेजारी दहाव्याचा घाट ठेवून पाहा. नाशिकला रामकुंडावर कुठल्याही सकाळी उभं राहिलं तरी दिसतं. भाताचे पिंड मांडलेले, त्यावर काळे तीळ, पलीकडे भिंतीवर कावळे बसलेले, आणि एकही खाली येत नाही. ऊन चढतं. गुरुजी घड्याळाकडे पाहतात, कारण मागे दुसरं कुटुंब ताटकळलेलं असतं. मग थोरला मुलगा हात जोडून पुटपुटतो, ‘आईला अंतर देणार नाही.’ तरी कावळा हलत नाही. कुणीतरी मागून सांगतं, ‘धाकटीच्या लग्नाचं बोल.’ तो तेही बोलतो. तरीही कावळा शिवला नाही, तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिवतात आणि विधी पुढे सरकतो. पण तोवर चार लोकांदेखत दोन वचनं दिली गेलेली असतात आणि भावकीत ती कुणी विसरत नाही.

कावळ्याच्या पोटात वडील असतात असं मी मानत नाही. इथलं अन्न तिकडे पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता, या चार्वाकांच्या टोमण्याला कुणी धड उत्तर दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण त्या घाटावर मेलेल्या माणसाला एक अधिकार आहे, नाही म्हणण्याचा. पिंड नाकारता येतो. म्हणून जिवंतांना खजील व्हावं लागतं, काय राहिलं ते आठवावं लागतं. यंत्रातला मृत नाकारू शकत नाही. तो हाक मारली की हजर. असल्या नोकराला वडील म्हणायचं आणि वर त्याला प्रगती म्हणायचं, ही विद्वत्ता माझ्या पचनी पडत नाही.

बरं, बॅकअप कशासाठी असतो? गेलेलं परत आणण्यासाठी. श्राद्धविधीचा रोख नेमका उलटा आहे. मेलेला माणूस आधी प्रेत असतो: अडकलेला, भुकेलेला, घराभोवती घोटाळणारा. दहा दिवसांच्या पिंडांनी त्याला प्रवासाचा देह मिळतो अशी कल्पना. बाराव्याला सपिंडीकरण. त्यात प्रेताच्या पिंडाचे दर्भाने तीन भाग करून बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत एकेक मिसळतात. नीट बघा, तिथे त्याचा वेगळा पिंड उरत नाही. तो पितरांत गेला. आणि एक आत आला की वरचा पुढे सरकतो. पुढच्या श्राद्धात नावाने पिंड तिघांनाच, चौथ्याच्या वाट्याला हाताला लागलेला लेप. सातव्या पिढीपुढे तर सपिंड नातंही संपतं. विसरण्याची इतकी शिस्तशीर व्यवस्था जगात फार थोड्या ठिकाणी असेल! स्मशानातून निघताना मागे वळून पाहायचं नाही, हे लहान मुलालाही सांगतात. वक्त्यांनी याला बॅकअप म्हटलं. यंत्रातल्या आजोबांचं बारावं कधी होणार? ते प्रेतावस्थेतच राहणार, आणि दरमहा वर्गणी भरेपर्यंतच. वर्गणी थकली की दुसऱ्यांदा मरणार, तेही बिनपिंडाचे.

दक्षिण कोरियात 2020 साली टीव्हीवर एक माहितीपट दाखवला गेला. डोळ्यांवर यंत्र आणि हातात मोजे घातलेली एक आई, आणि तिच्यासमोर आजारात गेलेल्या तिच्या सात वर्षांच्या मुलीची हुबेहूब प्रतिमा. हातात काहीच लागत नसताना ती आई हवेत त्या पोरीचा गाल कुरवाळते. पाहणाऱ्याला पाहवत नाही. पण त्या निर्मात्यांनाही शेवटी त्या मुलीला झोपवावं लागलं आणि आईला तिचा निरोप घ्यायला लावावं लागलं. निरोपाशिवाय कार्यक्रम पुरा होत नव्हता. आमचे वक्ते हे उदाहरण मोठ्या अभिमानाने देतात. शेवट सांगत नाहीत.

आणि यात नवं काय आहे? मोर्सची तार 1844 साली सुरू झाली. चारच वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींच्या घरी मृतात्मे टकटक करून निरोप धाडू लागले, जणू तारऑफिस तिकडेही उघडलं होतं. 1888 मध्ये त्यांतल्या एकीने भर रंगमंचावर कबुली दिली, की तो आवाज पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढत होतो. कॅमेरा आला तसा मम्लर नावाचा फोटोग्राफर गिऱ्हाइकाच्या मागे धूसर पितर उभे करून देऊ लागला. 1920 मध्ये खुद्द एडिसनने मुलाखतीत सांगितलं, की गेलेल्यांशी संपर्क होईल असं उपकरण मी करतो आहे. यंत्र कुठलंही निघो, त्याला पहिल्यांदा मेलेल्यांच्या दारात नेऊन उभं करायची माणसाला खोड आहे.

आमच्याकडे ते काम प्लँचेटने केलं. त्या पाटावरून आमच्या पिढीत मित्रांची तोंडं फिरली आहेत. तेव्हा एक सुशिक्षित गृहस्थ माझ्याशी वाद घालत, की वाटी आपोआप सरकते. मी एकदाच विचारलं, कोकणातल्या निरक्षर आजीचा आत्मा इतकं शुद्ध कसं लिहितो? ते उठून गेले. आज तेच गृहस्थ ‘भाषा-प्रतिमान’ वगैरे शब्द वापरून तीच वाटी सरकवत आहेत, असा मला दाट संशय आहे.

देह गोठवणाऱ्यांची तर बातच न्यारी. पहिले गोठवलेले गृहस्थ जेम्स बेडफर्ड, जानेवारी 1967 पासून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर पुनरुत्थानाची वाट पाहत आहेत. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत ठेवलेले काही देह मात्र पैसे संपल्यावर वितळून गेले. इजिप्शियन लोक मेंदू नाकावाटे काढून फेकून देत आणि हृदय ठेवत, कारण न्यायाच्या तराजूत ते तोलायचं असे. आता काही गिऱ्हाइकं नुसतं डोकं ठेवतात. तोलायचं काही उरलेलं नाही, हे त्यांनी आपणहून कबूल केलं म्हणायचं. चित्रगुप्ताची वही नाही, पारशांचा चिनवट पूल नाही, कबरीत प्रश्न विचारणारे फरिश्ते नाहीत. हिशेबच नसलेला असा परलोक कुठल्या धर्मात खपला असता?

मग मी सगळे विधी जसेच्या तसे ठेवा म्हणतो का? नाही. मुलीने पिंड दिला तर पितर उपाशी राहतील असं म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलो. संत एकनाथांनी पैठणला श्राद्धाचं अन्न भुकेल्या महारांना वाढलं आणि पितर तृप्त झाले, ही कथा ज्या समाजाने जपली त्याला श्राद्ध कसं बदलायचं हे मी शिकवायला नको. ज्याला विधी नकोत त्याने करू नयेत. मला एवढंच म्हणायचं आहे, की मेलेल्याला जाऊ देणारी काहीतरी रीत हवी, आणि यंत्राला जागा द्यायची तर त्या रीतीच्या सेवेत द्यावी. मुंबईला मलबार हिलवर पारशांच्या डुंगरवाडीत, जिथे मृतदेह दख्म्यावर गिधाडांसाठी ठेवत, हे झालं आहे. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं मेली. सरकारने जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी घातली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. तेव्हा दख्म्यावर सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवली. त्यांवरून समाजात मतभेद झाले, अजून आहेत. पण ते यंत्र माणसाला लवकर मोकळं करतं, धरून ठेवत नाही. विद्युतदाहिनीही त्याच कामाची.

आईच्या आवाजाची जुनी फीत घरात असेल तर अवश्य जपा, तिथीला लावा. ती जे बोलली तेवढंच ती बोलते, आणि संपते. तिच्या तोंडी नवं वाक्य घालू नका.

मी माझ्या इच्छापत्रात एक कलम वाढवलं आहे: माझा आवाज, पत्रं आणि छायाचित्रं वापरून माझ्या नावाने कुणी कुठलंही यंत्र बोलतं करू नये. इच्छापत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. ज्यांना पटत असेल त्यांनी हे कलम उतरवून घ्यावं, आणि साक्षीदार म्हणून शक्यतो नातवालाच बसवावं.