मंद उजेडातील वहीपूजन आणि कॅमेऱ्याचा फोकस

पेढीवरील मोठे दिवे मालवलेले, समई आणि दोन निरांजने एवढाच उजेड, आणि घरातील ज्येष्ठ गृहस्थ कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ रेखीत आहेत. एका व्यापारी कुटुंबात गेल्या दिवाळीत नातवाने हा प्रसंग टिपण्यासाठी नवा कॅमेरा रोखला. लेन्स मागेपुढे फिरत राहिली, बटण दाबूनही शटर उघडेना. अखेर छायाचित्र निघाले, त्यात समईची ज्योत रेखीव आणि तिच्या पुढचा हात धूसर. पौषात आजोबा निवर्तले. वही कपाटात आहे. तीवर लिहिणाऱ्या हाताचे चित्र मात्र नाही.

कॅमेरा महाग होता, हा त्या घरातील मोठा खेद. वस्तुतः येथे किमतीचा संबंध थोडा. स्वयंचलित फोकस साधताना कॅमेरा उजळ आणि गडद यांमधील सीमारेषा शोधत असतो. चेहरा ओळखणारे नवे कॅमेरेही शेवटी याच भेदावर विसंबतात. मंद उजेडात पांढरे धोतर आणि चुन्याची भिंत यांत अशी रेषा सापडत नाही. सापडते ती ज्योतीच्या कडेला, आणि कॅमेरा तेथेच स्थिरावतो.

म्हणून अनेक बिंदूंची निवड कॅमेऱ्यावर न सोपविता एकच, शक्यतो मधला बिंदू निवडावा आणि तो ठळक कडेवर ठेवावा. वहीपूजनात ही कड आयतीच मिळते: पांढऱ्या पानावरील कुंकवाची रेघ. ती हाताच्या जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असते. चेहरा हवा असल्यास चष्म्याची चौकट उपयोगी पडते. बटण अर्धे दाबून फोकस धरावा, चौकट जुळवावी, मग पूर्ण दाबावे. या दरम्यान पुढेमागे सरकू नये. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर उघडी असता, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर दीड मीटर अंतरावरील स्पष्टतेचा पट्टा जेमतेम दहा सेंटीमीटरचा असतो. एवढ्यात एक पाऊल म्हणजे सगळे संपले.

अशी लेन्स तरीही घ्यावीच. एफ/५.६ च्या तुलनेत ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते आणि तो फोकस शोधतानाही कामी येतो. कॅमेऱ्याचा साहाय्यक दिवा मात्र बंद ठेवावा. पूजेला बसलेल्याच्या डोळ्यांवर तो अचानक पडणे बरे दिसत नाही. त्याऐवजी कोणीतरी मोबाइलचा उजेड क्षणभर पानावर धरला तरी पुरते.

धूसर दिसणारे प्रत्येक चित्र फोकस चुकल्याचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. शटर १/१५ सेकंद उघडे राहिले तर लिहिणारा हात हलतोच. चित्रात वही स्पष्ट आणि हातच पुसट असेल तर चूक शटरच्या वेगाची आहे. आयएसओ वाढवून वेग १/१२५ पर्यंत न्यावा. थोडे दाणेदार चित्र चालते.

सर्वांत खात्रीचा मार्ग पूजेआधीचा. दिवे चालू असतानाच कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून वहीवर फोकस साधावा आणि स्वयंचलित फोकस बंद करावा. मग दिवे मालवले तरी लेन्स जागची हलत नाही. अट एवढीच की वही आणि पाट हलता कामा नयेत.

यंदा त्या पेढीवर ‘श्री’ वडील लिहिणार आहेत. नातवाने पाटाची जागा आतापासूनच खडूने आखून ठेवली आहे.