पंखा बंद, टेक चालू

घरच्या खोलीत अल्बम करायचा म्हटलं की आधी माइकची चौकशी होते. खरं तर आधी गोधड्या गोळा कराव्यात. उघड्या भिंतींवरून परतलेला आवाज माइकमध्ये एकदा शिरला की मिक्सिंगच्या वेळी तो काढता काढता नाकी नऊ येतात. गायकाच्या पाठीशी कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून ठेवलं तर बराच फरक पडतो. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारच्या कुकरची शेवटची शिट्टी झाली की मग टेक!

ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ (१९८२) हा अल्बम घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाला. ट्रॅक चारच, त्यामुळे निवड करणं भागच. आपल्या लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक. म्हणून गाणं संपतच नाही.

त्यात घरच्या अल्बममध्ये वाजवणारे सगळे मित्र. ‘तुझी गिटार उतरलीये रे,’ हे सांगणार कोण? चहा होतो, ‘मस्त झालंय’ म्हणून सगळे पांगतात आणि बेसूर टेक तसाच राहतो. गाण्याचं श्रेय नि पैसे कुणाला किती, हेही मैत्रीखातर कुणी लिहून ठेवत नाही. आमच्या मते ते पहिल्याच दिवशी कागदावर यावं. या अंकातल्या मुलाखतींत आम्ही हे दोन्ही प्रश्न मुद्दाम विचारले आहेत. पैशांच्या प्रश्नावर बहुतेकांनी विषय बदलला.