रणात कारखाना कोण काढील?

बालमित्रांनो, कच्छी दाबेली खाल्ली आहे ना? लुसलुशीत पाव, आत बटाट्याचं आंबट-गोड-तिखट सारण, वर मसाला शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे. सुटलं ना तोंडाला पाणी? ही दाबेली मूळची कच्छमधल्या मांडवी गावची. आणि नुसती दाबेलीच नाही, तर मुंबईतल्या कितीतरी किराणा दुकानांचे शेठही मूळचे कच्छचे बरं का! मशीद बंदरच्या धान्यबाजारात गेलात, तर कच्छी बोली हमखास कानावर पडेल.

आता सांगा पाहू, ही एवढी माणसं आपलं गाव सोडून मुंबईला का आली असतील? आपलं घर, आपलं अंगण कोणाला आवडत नाही? तरी ती आली, कारण गावात पोटापुरतं काम नव्हतं. मग गावातच काम मिळावं म्हणून काय करता येईल? आजची आपली गोष्ट याच प्रश्नाची आहे.

तुमचा नकाशा उघडा. गुजरातच्या पश्चिमेला कासवाच्या पाठीसारखा एक भाग दिसेल. तो कच्छ. क्षेत्रफळ ४५,६७४ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा साधारण सातवा हिस्सा, आणि अख्ख्या केरळ राज्याहून मोठा. पण हा फक्त एक जिल्हा आहे! भारतातला सर्वांत मोठा. गंमत म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत हा जिल्हा आपल्याबरोबर एकाच मुंबई राज्यात होता. तुमच्या आजोबांना विचारून पाहा, त्यांना आठवत असेल.

कच्छच्या उत्तरेला पाकिस्तानची सीमा आहे आणि दक्षिणेला कच्छचं आखात. मध्ये पसरलं आहे रण. मराठीत रण म्हणजे लढाईचं मैदान. तिकडे मात्र रण म्हणजे खारट, ओसाड, झाडाचं नाव नसलेली जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, आणि ते आटलं की मिठाचा पांढराशुभ्र थर उरतो. वर्षाचा पाऊस जेमतेम ३५० ते ४०० मिलिमीटर, तोही लहरी. मुंबईत एवढा पाऊस कधीकधी दोन दिवसांत पडतो. बारमाही नदी एकही नाही.

समजा, तुमच्याकडे भरपूर पैसे आहेत आणि तुम्हाला टॉवेलचा कारखाना काढायचा आहे. जाल का कच्छला? कापड धुवायला, रंगवायला पाणी हवं, ते नाही. गिऱ्हाईक दूर. सीमा जवळ, म्हणजे युद्धाची भीती. तुम्ही म्हणाल, “छे! त्यापेक्षा अहमदाबाद किंवा मुंबई बरी.” अगदी बरोबर. कोणताही व्यापारी हेच म्हणेल. म्हणून अशा जागी उद्योग हवा असेल, तर आधी कोणीतरी त्याला तिथे यावंसं वाटेल असं काही करावं लागतं. कच्छमध्ये हे कसं घडलं, ते पाहू.

पहिलं बोलावणं: बंदर

१९४७ साली फाळणी झाली आणि कराचीचं मोठं बंदर पाकिस्तानात गेलं. उत्तर भारताचा कितीतरी माल त्या बंदरातून ये-जा करत असे. आता तो कुठून न्यायचा? तेव्हा कच्छच्या आखातातल्या कांडला खाडीकडे सरकारचं लक्ष गेलं. तिथे मोठं बंदर उभारायचं ठरलं. जानेवारी १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि १९५५ साली कांडल्याला देशाच्या प्रमुख बंदरांत स्थान मिळालं.

त्याच वेळी सिंधमधून हजारो निर्वासित भारतात आले होते. त्यांच्यासाठी भाई प्रताप यांनी पुढाकार घेतला, गांधीजींनी शब्द टाकला आणि कच्छच्या महारावांनी पंधरा हजार एकर जमीन दिली. तिथे गांधीधाम हे नवं शहर वसलं. म्हणजे बघा, बंदराला माणसं हवी होती आणि माणसांना काम हवं होतं. दोघांची गाठ पडली.

मग १९६५ साली कांडल्याला एक आगळं कुंपण उभं राहिलं. या कुंपणाच्या आत कारखाना काढायचा, परदेशातून कच्चा माल आणायचा, त्यावर जकात द्यायची नाही. मात्र तयार वस्तू परदेशी विकायची. याला मुक्त व्यापार क्षेत्र म्हणतात. भारतातलं हे पहिलंच. नंतर देशभर जे ‘सेझ’ झाले, त्यांचं हे थोरलं भावंड.

आता एक मजेशीर गोष्ट सांगतो. गांधीधामच्या आसपास लाकूड कापण्याच्या गिरण्यांची रांगच्या रांग आहे. झाड नसलेल्या मुलखात लाकडाचा धंदा! कसा? परदेशातले ओंडके जहाजातून कांडल्याला उतरतात, तिथेच कापले जातात आणि फळ्या होऊन देशभर जातात. बंदर असलं की जंगल नसलं तरी चालतं, ते असं.

दुसरं बोलावणं: करमाफी

२६ जानेवारी २००१. प्रजासत्ताक दिन. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची जमीन हादरली. ७.७ तीव्रतेचा भूकंप! गुजरातमध्ये तेरा हजारांहून अधिक माणसं गेली. अंजार गावात शाळेतली मुलं झेंडे घेऊन प्रभातफेरीला निघाली होती. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. तुमच्याच वयाची मुलं होती ती. आज अंजारमध्ये त्यांचं स्मारक आहे.

घरं पुन्हा बांधता येतात. पण त्या घरातल्या माणसांनी कमवायचं कसं? म्हणून त्याच वर्षी केंद्र सरकारने जाहीर केलं, की कच्छमध्ये नवा कारखाना काढा, पाच वर्षं उत्पादन शुल्क माफ. राज्य सरकारनेही विक्रीकरात सवलत दिली.

उत्पादन शुल्क म्हणजे काय? कारखान्यात वस्तू तयार झाली की तिच्यावर लागणारा कर. त्या काळी शंभर रुपयांच्या बहुतेक मालावर हा कर सोळा रुपये होता. (२०१७ पासून बहुतेक वस्तूंवर त्याच्या जागी जीएसटी आला.) कच्छमधल्या कारखानदाराचे हे सोळा रुपये वाचणार होते. मग काय विचारता! जे कधी कच्छकडे फिरकले नव्हते, ते जमीन शोधत आले. कारखाना सुरू करायची मुदत वाढत वाढत २००५ च्या अखेरीपर्यंत गेली. ज्या अंजारमध्ये मुलं गेली, त्याच गावाजवळ टॉवेल आणि चादरींचा प्रचंड कारखाना उभा राहिला. तिथले टॉवेल अमेरिकेतल्या दुकानांत विकले जातात.

पण थांबा! करमाफी हे पाहुण्याला दिलेलं आमंत्रण आहे. पाहुणा येईल. तो राहील का? पाच वर्षांनी सवलत संपली की कारखानदार पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन हिशोब मांडतो. तेव्हा त्याला थांबवतं ते दुसरंच काही.

राहतं कोण?

कारखाना थांबतो तो बंदर, रस्ता, वीज, पाणी आणि हातात कसब असलेली माणसं यांच्यामुळे. कच्छमध्ये कांडल्याच्या जोडीला १९९८ साली मुंद्रा इथे खाजगी बंदर सुरू झालं. आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक आहे. पाण्याची गोष्ट मात्र लांबली. नर्मदेचं पाणी कच्छच्या नळांना मिळालं, पण शेतांसाठी नेलेला कच्छ शाखा कालवा, लांबी सुमारे ३५७ किलोमीटर, त्याचं उद्घाटन व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडावं लागलं. करमाफीचा कागद काही महिन्यांत निघतो. कालव्याला पिढी लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळे कारखाने सारखी माणसं कामाला घेत नाहीत. टॉवेल शिवायला पुष्कळ हात लागतात. सौर विजेची तबकं एकदा बसवली, की ती पुसायला आणि सांभाळायला थोडीच माणसं पुरतात. कच्छच्या उत्तरेला, सीमेच्या जवळ, खावडा इथे सूर्य आणि वाऱ्यापासून वीज करणारा प्रचंड प्रकल्प उभा राहत आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्याची पायाभरणी झाली. जागा ७२,६०० हेक्टर आणि वीज ३०,००० मेगावॉट, असा बेत आहे. देशाला स्वच्छ वीज मिळेल, हे फार चांगलं. पण ‘केवढा मोठा प्रकल्प!’ असं म्हणून झाल्यावर हळूच विचारायचं, ‘माणसं किती लागतील?’

जागा रिकामी असते का?

आता जरा अवघड भाग. कारखान्याला जागा देताना कागदावर लिहितात, ‘पडीक जमीन’. पडीक म्हणजे जिथे काही नाही, कोणी नाही. खरंच का?

कच्छच्या किनाऱ्यावर खाराई नावाचे उंट आहेत. हे उंट चक्क पोहतात! आपल्या मालकांबरोबर खाडी ओलांडून ते तिवरांच्या झाडांकडे जातात आणि त्यांचा पाला खातात. पाळणारे मालधारी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. पण मिठागरांसाठी खाड्यांत बांध पडले. भरतीचं पाणी आत येईना, तिवरं वाळू लागली, उंट उपाशी राहू लागले. मालधारी हरित न्यायाधिकरणात गेले. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं, की पाण्याच्या वाटेतले अडथळे काढा आणि तिवरं पुन्हा वाढवा.

त्याच वर्षी मुंद्राजवळच्या कोळी आणि शेतकऱ्यांचं नाव थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलं. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या मोठ्या वीज प्रकल्पामुळे आपली मासेमारी आणि पाणी बिघडलं, अशी त्यांची तक्रार होती. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या प्रकल्पाला कर्ज दिलं, तिच्यावर त्यांनी अमेरिकेत खटला भरला. अशा संस्थेवर कधीच खटला भरता येणार नाही असं नाही, असा निकाल तिथल्या न्यायाधीशांनी दिला. पुढे खालच्या न्यायालयांनी हा खटला फेटाळला आणि २०२२ साली तो संपला. मासे धरणाऱ्यांना हाती काही लागलं नाही. पण त्यांना आधी कोणी नीट विचारलं असतं, तर एवढ्या लांब जावं लागलं असतं का?

मग काय, कारखाने नकोत का? तसं म्हणता येत नाही. भूकंपानंतर ज्या घरात पगार आला, त्या घराला जाऊन विचारा. त्या पगारावर कुणाचं शिक्षण झालं, कुणाचं घर उभं राहिलं. कारखाना हवा. फक्त तो कुणाचं पान ओढून स्वतःचं पान मांडणारा नसावा.

चारशे वर्षांपूर्वीचा उद्योग

जाता जाता एक जुनी गोष्ट. सुमारे चारशे वर्षांपूर्वी कच्छच्या राजाने सिंधमधल्या खत्री रंगाऱ्यांना आपल्या राज्यात बोलावलं, असं सांगतात. ठशांनी कापड छापण्यात ते तरबेज होते. निळीचा गडद निळा आणि मंजिष्ठेचा लाल रंग, त्याला अजरख म्हणतात. राजा म्हणाला, हवी ती जागा निवडा. त्यांनी धमडका गाव निवडलं. का माहीत आहे? तिथे वाहती नदी होती. अजरखचं कापड पुन्हा पुन्हा धुवावं लागतं.

पुढे नदी आटली. विहिरींवर काम चालू राहिलं. मग २००१ चा भूकंप झाला आणि जमिनीतल्या पाण्यात लोह वाढलं. रंग बिघडू लागले. तेव्हा कित्येक खत्री कुटुंबांनी भुजजवळ चांगलं पाणी शोधून नवं गाव वसवलं. त्याचं नाव अजरखपूर. २०२४ साली कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकनही मिळालं.

राजाने बोलावलं म्हणून ते आले. पण राहिले ते पाण्यामुळे आणि हातातल्या कलेमुळे. कर माफ करून कला आणता येत नाही, ती वर्षानुवर्षं शिकावी लागते.

करून पाहा

तुमच्या गावाजवळ औद्योगिक वसाहत असेल. आई-बाबांबरोबर वहीत चार रकाने आखा. तिथे उद्योग का आला? पाणी कुठून येतं? आपल्या गावातली किती माणसं तिथे काम करतात? आणि त्या जागी आधी काय होतं? चौथ्या रकान्यासाठी मात्र घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. “तिथे काहीच नव्हतं,” असं म्हणाले, तर पुन्हा एकदा विचारा. बोरीची झाडं, गुरांची वाट, एखादा ओढा, काहीतरी नक्की निघेल.

मग दाबेली खायला हरकत नाही!