फ्लॅट घ्या, पण सातबारा राखा

गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरताना खत-बियाण्यांच्या चौकशीबरोबर एक वेगळाच प्रश्न कानावर पडू लागला आहे. "साहेब, पोरगा मिरा रोडला जागा घ्यायची म्हणतोय. दोन एकर काढले तर बसेल का?" विचारणारा साधारण पन्नाशी-साठीचा. मुलगा अंधेरी-गोरेगावकडे नोकरीला. सून आलेली असते किंवा येणार असते, आणि भाड्याच्या एका खोलीत भागत नाही. प्रश्न रास्त आहे. कृषी खात्याच्या माणसाने यात पडू नये असे काही जण म्हणतील. पण जमीन विकणे हा पीक बदलण्यापेक्षा मोठा निर्णय, आणि तो पुष्कळदा बियाण्याच्या एका पिशवीला करतो तेवढीही चौकशी न करता होतो, म्हणून लिहितो आहे.

मिरा-भाईंदर हे काही आभाळातून पडलेले शहर नव्हे. भाईंदर, नवघर, मिरे, काशी, घोडबंदर ही भाताची, मिठागरांची, मासेमारीची गावे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, पुढे किनाऱ्याकडची राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही गावे जोडली गेली आणि २००२ मध्ये महानगरपालिका आली. १९९१ च्या जनगणनेत तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे होती. २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचार पट! दहिसरच्या नाक्यापलीकडे मुंबई संपते आणि दर उतरतात, लोकल मात्र तीच, एवढे कारण त्याला पुरले.

ही माणसे राहायला कुठे गेली? पुष्कळशी खाजणात गेली. खाजण म्हणजे काय हे पालघर-डहाणूच्या शेतकऱ्याला सांगायला नको. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला पावसाचे पाणी सोडून द्यायचे आणि खारे सोसणारा भात घ्यायचा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशा जाती काढल्या त्या याच जमिनीसाठी. ही जमीन सखल, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. शेतकरी बांधाची डागडुजी दरसाल करतो, कारण एक उघाडी तुंबली तर अख्खे शेत जाते. शहर झाले तेव्हा भराव पडला, बांध गेले, उघाडी गेल्या, पण भरती यायची थांबली नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी आपली जुनी जागा शोधत येते. ते रस्त्यावर साचते, तळमजल्यात शिरते. लोक पालिकेच्या नावाने ओरडतात. पालिकेचा दोष असेलही, पण खालची माती काय आहे हे घर घेताना कोणी विचारले होते?

माझे सांगणे साधे आहे. शेत घेताना तुम्ही पावसाळ्यात जाऊन बघता ना? मग घरही पावसाळ्यात बघा. बिल्डरचा माणूस गाडी पाठवतो ती मार्च-एप्रिलात पाठवतो. तुम्ही आषाढाच्या अमावास्येला किंवा पुनवेला, भरतीची वेळ बघून, आपल्या पैशाने लोकलने जा. गुडघाभर पाण्यातून जिना गाठावा लागला तर जे कळायचे ते कळले. शेजारी तिवरे आहेत का तेही पाहा. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड आणि त्यांच्यापासून पन्नास मीटरच्या आतले बांधकाम यांना मनाई केली आहे. तिवरांना खेटून नवी इमारत उठत असेल तर परवानगीचा कागद दोनदा वाचावा लागेल.

आता कागदाचे. आपला माणूस शेत घेताना सातबारा काढतो, फेरफार बघतो, तलाठ्याला विचारतो, शेजारच्या बांधकऱ्याला विचारतो, कुळाचे लचांड आहे का ते चाचपतो. तोच माणूस चाळीस-पन्नास लाखांचा फ्लॅट घेताना रंगीत चित्रांचे पुस्तक आणि मॉडेल फ्लॅटमधला सोफा बघून टोकन देतो. इमारतीखाली जमीनच असते हो! तिचाही सातबारा असतो, तोही काढा. 'इतर हक्क' हा रकाना शेतीला लागू आणि फ्लॅटला लागू नाही असे काही नाही. मिरा-भाईंदरमध्ये तर या रकान्याला विशेष महत्त्व. इंग्रज सरकारने १८७० मध्ये घोडबंदर, भाईंदर, मिरे या गावांच्या जमिनीबाबत ९९९ वर्षांचा करार करून दिला होता. त्यातून निघालेल्या हक्कांवरून पुढे कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि बांधकामाला ना-हरकत दाखला घेण्यापायी लोकांना कित्येक वर्षे पैसे मोजावे लागले. शिवाय १९७६ चा कमाल नागरी जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ साली गेला, तरी त्याखालच्या जुन्या सवलतींच्या अटी सगळ्याच काही गेल्या नाहीत. काही जमिनी मिठागरांच्या, काही आदिवासींच्या. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, हे आपल्या जिल्ह्यात तरी शाळकरी पोरालाही माहीत आहे.

बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, नवीन काम असेल तर महारेराचा क्रमांक, एवढे तर वकील सांगतोच. पण जुन्या इमारतीत जागा घेणाऱ्याने आणखी एक विचारावे: जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? १९६३ च्या कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदली गेल्यावर बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण, लोक ज्याला कन्व्हेयन्स म्हणतात ते, करून द्यायचे असते. कितीतरी ठिकाणी ते झालेले नसते. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. सोसायटीला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण अर्ज कोणीतरी करायला लागतो, आणि तिसऱ्या मजल्यावरचा म्हणतो चौथ्यावरच्याने करावा.

याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. आमच्या भागातल्या एका काकांनी (नाव देत नाही) होती नव्हती ती सगळी जमीन विकून मुलाला भाईंदरला जुन्या इमारतीत दोन खोल्या घेऊन दिल्या. काही वर्षांनी इमारत धोकादायक ठरली. पाडून नवी बांधायची म्हटले तर जमीन अजून जुन्या मालकाच्या नावावर. कुटुंब पुन्हा भाड्याच्या खोलीत. काका गावी परतले, हातात थोडी पुंजी होती, वीस गुंठे घ्यावेत आणि भाजीपाला करावा असा विचार केला. नोंदणीच्या वेळी विचारणा झाली, "शेतकरी असल्याचा पुरावा?" काका मला म्हणाले, "भाऊसाहेब, चाळीस वर्षं नांगर धरला, आता पुरावा कुठून आणू?"

हा मुद्दा पुष्कळांना ठाऊकच नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ असे आहे की, जो शेतकरी नाही त्याला परवानगी घेतल्याशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुम्ही शेतकरी आहात हे तुमचा सातबारा सांगतो, तुमच्या हाताचे घट्टे सांगत नाहीत. आपण होऊन शेवटचा तुकडा विकला की कागदोपत्री शेतकरीपण संपते, आणि ते तुमच्याबरोबर मुलांचेही जाते. किसान सन्मानचे वर्षाचे सहा हजार, पीककर्ज, विमा हे बंद होते ते वेगळेच. तेव्हा विकायचीच वेळ आली तर सगळे विकू नका. किती ठेवावे? राहिलेला तुकडा तुकडेबंदीत अडकणार नाही आणि त्यावर विहिरीचा किंवा बोअरचा आधार राहील एवढे तरी ठेवा. मुलाने नोकरीवर कर्ज काढावे, बापाने शेतातून त्याला हातभार लावावा. तीन एकरांतला एक विकून उरलेल्या दोनांवर मोगरा लावलेले घर मला माहीत आहे. त्यांचा मुलगा हप्ते फेडतो आहे, कुरकुरतो आहे, पण फेडतो आहे. आणि काही वर्षे भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. शहरात पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहिलेली माणसे आहेत.

सातबारा हाती असला की बोलायला जागा राहते, हे खुद्द मिरा-भाईंदरमध्येच दिसले. मेट्रोची कारशेड राई-मुर्धे-मोर्वा परिसरात करायचे ठरत होते. तिथल्या भूमिपुत्रांनी जोरदार विरोध केला आणि कारशेड डोंगरीकडे हलवावी लागली. (डोंगरीला पुन्हा झाडांवरून वाद झाला, तो वेगळा विषय.) रेल्वे स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये राहणाऱ्याला शेजारच्या जमिनीचे काय होणार हे वर्तमानपत्रातून कळते.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तो आपल्या दारातला आहे. मिरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. खाजणातल्या बोअरला खारट पाणी लागते. पाणी आले ते शहाड-टेमघर योजनेतून उल्हास नदीचे आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून बारवीचे. ते पुरेना, म्हणून सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मिरा-भाईंदर मिळून रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना झाली. त्यात मिरा-भाईंदरचा वाटा २१८ दशलक्ष लिटर. आता सूर्याचे धामणी धरण आणि कवडासचा बंधारा बांधले ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या सुमारे चौदा हजार सातशे हेक्टर शेतीसाठी. त्यातले बहुतेक लाभधारक आदिवासी. कालव्याच्या शेवटच्या टोकाला उन्हाळी भात वाळताना मी पाहिला आहे, आणि "पाणी मुंबईकडे चाललं" हे शब्दही तिथेच ऐकले आहेत.

शहराला पाणी देऊ नये असे मी म्हणणार नाही. तिथे आपलीच मुले राहतात. पण बारवीची उंची वाढवताना मुरबाडकडची जी कुटुंबे उठली, त्यांच्या मुलांना पाणी उचलणाऱ्या महापालिकांनी नोकरीत घेतले, त्यात मिरा-भाईंदरही आहे. सूर्याच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचे पाणी कमी होत असेल तर त्यालाही असेच काही मिळायला हवे. कालव्याची दुरुस्ती, ठिबकला जादा अनुदान, बंधारे यांचा खर्च पाणी घेणाऱ्या शहराने का उचलू नये? पाणीपट्टीत त्यासाठी काही पैसे धरले तर टॉवरमधल्या माणसाला ते कळणारही नाहीत.

मिरा रोडला जागा बघायला जाल तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन गोष्टी विचाराच: टँकर महिन्याला किती येतात आणि जमीन कोणाच्या नावावर आहे. टोकनचे पैसे द्यायच्या आधी तिथला सातबारा आणि आपला सातबारा दोन्ही घेऊन तालुक्याच्या गावी ओळखीच्या वकिलाकडे जा. आमच्या कार्यालयात आलात तरी चालेल, सोमवारी मी असतो.