फिक्स दाताची मुदत

दातांच्या दवाखान्यांतून ‘फिक्स’ हा शब्द कायद्याने हद्दपार करावा, अशी माझी मागणी आहे. ‘काढता-घालता दात नको, फिक्सच बसवा,’ असं पेशंट म्हणतो. ‘फिक्सच बसवू,’ असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांच्या लेखी फिक्स म्हणजे घरी काढून वाटीत ठेवता न येणारा. पेशंटच्या लेखी फिक्स म्हणजे स्मशानापर्यंत सोबत येणारा! बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाने तरी हा घोटाळा करायला नको होता. फिक्स्ड डिपॉझिटलाही मुदत असते, हे मी काउंटरवर रोज चार आजोबांना समजावून सांगतो. पण स्वतःच्या तोंडातल्या डिपॉझिटची तारीख बघायचं काही मला सुचलं नाही.

2013 साली माझी खालची डावी दाढ गेली. (आळ चिक्कीवर आला, पण खरं सांगायचं तर दाढ आधीपासूनच पोखरलेली होती.) तिच्या जागी तीन दातांचा ब्रिज बसला. या प्रकारात गेलेल्या दाढेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅपा चढवतात आणि त्या दोन कॅपांना मधली खोटी दाढ जोडलेली असते. म्हणजे मधलीला स्वतःचं मूळ नाही, ऐपत नाही, पत नाही; ती सर्वस्वी दोन शेजाऱ्यांच्या जामिनावर उभी. असलं कर्जप्रकरण आलं, तर कुठलाही मॅनेजर आधी जामीनदारांची चौकशी करील. मी मात्र अकरा वर्षं कर्जदाराला चकाकवत बसलो आणि जामीनदारांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

2024 मध्ये ब्रिज डुगडुगू लागला. डॉक्टरांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा मी थक्क झालो. ब्रिज अगदी नवाकोरा! खाली पुढच्या जामीनदाराचा मात्र वाळवी लागलेल्या चौकटीसारखा भुगा झालेला. पोर्सेलीन किडत नाही हो, पण त्याच्या खालचा दात आपलाच असतो. हिरडीजवळ जिथे कॅप संपते, तिथल्या बारीक रेषेतून कीड शिरते आणि आत घर करते. शिवाय या दाताचं रूट कॅनाल झालेलं, म्हणजे नस आधीच काढलेली. बिचाऱ्याला दुखून तक्रार करण्याचीही सोय नव्हती.

तो दात गेला. आता दोन दातांची खिंड. ती भरायला त्याच्याही पुढच्या धडधाकट दाताला घासून जामीन राहायला लावलं. त्याचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. माझ्या आळसापायी एक निरपराध दात सोलला गेला, हे मला खर्चापेक्षा जास्त लागलं.

आमच्या हेड कॅशियरना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘कसली आलीये निगा! आमच्या सासऱ्यांनी ब्रिजला कधी बोट लावलं नाही, पंचवीस वर्षं टिकला.’’ टिकला असेल. लॉटरीही कुणाला तरी लागतेच; म्हणून आपण तिला व्याजदर म्हणत नाही. साधारण हिशेब असा, की शंभरातले नव्वदेक ब्रिज दहा वर्षांनी तोंडात असतात. आयुष्य दहा ते पंधरा वर्षं धरावं. नीट सांभाळला तर वीसही ओलांडतो. मी कॉमर्सचा पदवीधर. टेबलावर आणि पंख्यावर घसारा काढायला शिकलो, दातावर काढायचं कुणी शिकवलं नाही.

आणि शिकवायचं कुणी? माप घ्यायला अर्धा तास, दाताची छटा जुळवायला पंधरा मिनिटं (खालची दाढ कोण बघणार होतं, देव जाणे!), आणि निगेबद्दल दोनच शब्द: ‘‘जरा सांभाळून.’’ सासरी निघालेल्या मुलीलासुद्धा यापेक्षा जास्त सूचना मिळतात. सांभाळून म्हणजे काय, ते मला ब्रिज पडल्यावर कळलं. तिन्ही दात एकमेकांना जोडलेले, त्यामुळे साधा फ्लॉस वरून आत जातच नाही. त्यासाठी कडक टोकाचा दोरा मिळतो. तो बाजूने खोट्या दाढेच्या पोटाखाली ओवायचा आणि दोन्ही जामीनदारांच्या कुशी घासायच्या. किंवा बाटली धुवायच्या ब्रशाचं नातवंड शोभेल असा इवलासा ब्रश फटीत फिरवायचा. हे रोज रात्री. सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, ते सांगतील तेव्हा एक्स-रे काढायचा. अख्खी सुपारी आणि बर्फ दाताखाली फोडायचा नाही. ब्रिज किंचित हलला, तरी ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणायचं नाही.

एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती डॉक्टरांनी दिली नाहीत, हा माझा आरोप. पण मी तरी कुठे विचारलं? स्कूटर सर्व्हिसिंगला वेळेवर टाकणारे, पाण्याच्या फिल्टरचा वार्षिक करार न चुकता भरणारे आम्ही लोक, एवढे पैसे मोजल्यावर ‘आता याला परत कशाला हात लावायचा’ म्हणून मोकळे होतो.

हल्ली रोज रात्री बेसिनसमोर चष्मा चढवून मी दोरा ओवत असतो. सौ. दारात उभी राहून पाहते. परवा म्हणाली, ‘‘अहो, शर्टाचं बटण लावायला सुई ओवून मागितली, तर दिसत नाही म्हणालात ना?’’

तोंडात दोरा असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.