तळघराची बैठक

वाकोल्यांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घराखालीं तळघर अर्धवट पडलें आहे. तेथें फरशी घालून, दिवे लावून कुटुंबाची बैठक करावी व आजीबाईंची खाटही तेथेंच हलवावी, असा चिरंजीवांचा बेत. आम्हांस सल्ला विचारला. आम्ही भिंतीस हात लावला, तों ओल! जुन्या वाड्यांतील तळघरें धान्य व ठेव राखावयास असत, निजावयास नव्हेत. शिवाय वाकोला नाला जवळच. तो मिठी नदीस मिळतो, आणि समुद्रास भरती असली म्हणजे पाण्यास वाट राहात नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेव्हां रंगाआधीं ओल थांबवा, पाणी उपसण्यास पंप बसवा, विजेचीं बटणें उंच ठेवा, असें आम्हीं सांगितलें. चिरंजीव किंचित् हिरमुसले. खाट मात्र वरच राहिली.